लॅब्राडोर रात्रभर पाय चाटतो, चिकन बंद करू का?

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. खाजवतो, चाटतो, कान झाडतो, रात्री झोपू देत नाही. यावेळी तर जवळपास सगळी पत्रं मोठ्या जातींचीच निघाली, लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, एक ग्रेट डेन, म्हणून म्हटलं हा अंक ॲलर्जीलाच देऊन टाकू. पत्रं लांबलचक होती ती मी छाटलीत, कुत्र्यांची नावं तशीच ठेवलीयेत, माणसांची काढलीयेत. आणि आधीच सांगते, कुत्रं न बघता मी डोस लिहून देत नाही, त्यामुळे "किती एमएल द्यायचं" याचं उत्तर इथे शोधू नका.

प्रश्न (चिंचवड): मॅडम, आमचा ब्रूनो लॅब्राडोर आहे, ३ वर्षांचा, ३४ किलो. गेली दोन वर्षं ऑगस्ट लागला की पुढचे पाय चाटायला सुरुवात करतो ते थेट थंडी पडेपर्यंत, रात्रभर चप चप आवाज. कानाला वास येतो, ड्रॉप टाकले की बरं, पंधरा दिवसांत परत तेच. सोसायटीतल्या एकांनी सांगितलं चिकनची ॲलर्जी आहे, चिकन बंद करा. आठ दिवस बंद केलं, काही फरक नाही. आता काय बंद करू?

उत्तर: काहीच बंद करू नका, निदान आत्ता तरी. "चिकन बंद करा" हा सल्ला आपल्याकडे लिफ्टमध्ये फुकट मिळतो आणि दहातल्या बऱ्याच वेळा चुकीचा असतो. तुम्ही स्वतःच पत्रात उत्तर लिहिलंय बघा, ब्रूनो चिकन-भात बारा महिने खातो पण खाजवतो ऑगस्ट ते थंडी. खाण्याच्या ॲलर्जीला कॅलेंडर कळत नाही, जे रोज पोटात जातंय त्याची खाज मार्चमध्येही असायला हवी ना. (आणि आठ दिवसांत तसंही काही सिद्ध होत नाही, त्याबद्दल खाली ठाण्याच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.)

मी पेशंट आला की औषधाआधी दोनच गोष्टी विचारते, खाज कुठे आणि खाज कधी. ब्रूनोचं "कुठे" म्हणजे पुढचे पंजे आणि कान, "कधी" म्हणजे पावसाळ्याचा उत्तरार्ध, आणि सुरुवात झाली ती वर्षाच्या आसपासच्या वयात. हे चित्र ॲटोपीचं आहे, म्हणजे हवेतल्या-घरातल्या गोष्टींची ॲलर्जी. साधारण ६ महिने ते ३ वर्षं या वयात ती पहिल्यांदा डोकं वर काढते, पंजे, काखा, जांघा, तोंडाभोवती आणि कानाच्या आतल्या बाजूला खाज सुटते, पाठ मात्र बहुतेक मोकळी असते. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड या जातींत ती घराण्यातूनच येते. या कुत्र्यांची कातडी मुळातच थोडी गळकी असते, ॲलर्जीवाली वस्तू नाकातून जाण्यापेक्षा त्या कातडीतूनच जास्त आत शिरते, म्हणून जमिनीला आणि गवताला जे घासतं तेच आधी खाजतं.

आता ऑगस्टमध्ये असं काय होतं? घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट असतात, त्यांना दमट हवा लागते, पावसाळ्यात ते जोमात. भिंतींना ओल, बुरशी. बाहेर गवतांचा फुलोरा सुरू होतो. आणि तुमच्या भागातल्या मोकळ्या प्लॉटवर उभं असतं ते गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, हे भारतात पहिल्यांदा १९५० च्या दशकात पुण्यातच नजरेस आलं आणि तिथून देशभर गेलं. माणसांना त्याने होणारे त्वचेचे त्रास तर माहीतच आहेत, ब्रूनोला त्यात लोळू देऊ नका एवढंच.

आज रात्री एक करा. टॉर्च घ्या, पंजा हातात धरा आणि बोटं फाकवून मधली कातडी बघा. केस गंजल्यासारखे तांबूस झाले असतील तर ते लाळेने रंगलेत, म्हणजे चाटणं बरेच दिवसांचं आहे. कातडी लाल, ओलसर, तेलकट असेल आणि कुबट वास येत असेल तर तिथे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलंय. कानातल्या वासाचं पण बऱ्याचदा तेच. ॲलर्जीने कातडी सुजते, सुजलेल्या ओल्या जागेत यीस्ट आणि बॅक्टेरिया घर करतात, त्यांची वेगळी खाज, की अजून चाटणं. तुमच्या डॉक्टरांना सांगा की कानातला आणि बोटांमधला मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर कुठला ड्रॉप हे ठरतं. नुसते ड्रॉप बदलत राहिलात तर ते परतच येणार, कारण मूळ कारण कानात नाहीच. कानाची पाळी सारखी खाली पडलेली, त्यात लॅब म्हटल्यावर पाणी दिसलं की उडी, त्यामुळे कान कोरडे ठेवणं हे तुमच्या घरचं कायमचं काम समजा. बड मात्र आत घालू नका, मळ अजून खाली ढकलला जातो.

घरचं रुटीन असं ठेवा. फिरून आलं की पंजे आणि पोट साध्या पाण्याने पुसा आणि मग *कोरडे* करा, हा दुसरा भाग लोक विसरतात आणि ओले पंजे ठेवून यीस्टची सोय करतात. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात, साधारण ६० डिग्री, कारण गार पाण्यात माइट मरत नाहीत. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आठवड्यातून एकदा, आणि फेस अंगावर पूर्ण १० मिनिटं राहिला पाहिजे, लगेच पाणी ओतलं तर औषध गटारात गेलं. ओमेगा-३ चं फिश ऑइल डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या, पण त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात म्हणून ते जूनमध्येच सुरू केलेलं बरं. आणि एवढं करूनही ऑगस्ट-सप्टेंबरात त्याला गोळ्या लागतील, लागू देत, त्यात कमीपणा नाही. ॲटोपी मुळापासून बरी होत नाही, ती सांभाळायची असते, डायबेटिससारखीच.

आणखी एक, ३४ किलोच्या कुत्र्याचे मालक १५-२० किलोची फूडची बॅग एकदम आणतात कारण स्वस्त पडते. ती बॅग पावसाळ्यात दोन महिने उघडी राहिली की त्यात साठवणीचे माइट होतात, त्यांचीही ॲलर्जी असू शकते. हवाबंद डबा, कोरडी जागा आणि या चार महिन्यांत छोटी बॅग.

प्रश्न (कोल्हापूर): आमचा शेरा जर्मन शेफर्ड ५ वर्षांचा, रानातल्या घरात राहतोय. शेपटीच्या मुळावरचे केस गेलेत, स्वतःलाच कराकरा चावतोय, कातडं काळं पडलंय. पिसवा बघितल्या, एक पण नाही. जनावरांच्या दुकानातनं गोचिडाचं औषध आणून दोनदा लावलं. ही कसली ॲलर्जी म्हणायची?

उत्तर: पिसवांचीच, शेरा स्वतः दाखवतोय तुम्हाला. कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला खाज, हा पिसवांच्या ॲलर्जीचा ठरलेला पत्ता आहे. "एक पण दिसत नाही" हे मला रोज ऐकू येतं. ॲलर्जी असते ती पिसवाच्या लाळेची, त्यामुळे शंभर लागत नाहीत, चार-दोन चावे झाले तरी पुरतात, आणि ज्याला ॲलर्जी आहे तो इतकं चावतो-चाटतो की पिसू गिळूनच टाकतो. पुरावा हवा असेल तर बारीक दातांची फणी कमरेवरून फिरवा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. मिनिटभरात कणांभोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर मातीच राहील. शिवाय शेपटीखाली किंवा शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं का? ते टेपवर्म नावाच्या जंताचे तुकडे, आणि ते पिसू गिळल्यानेच होतात.

आता ते गुरांचं औषध. बंद करा. गाई-म्हशींसाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझ अंदाजपंचे पाण्यात मिसळून कुत्र्याला लावायचं आणि तो ते चाटणार, यात विषबाधा होते, आणि घरात मांजर असेल तर तिच्या जिवाशीच खेळ. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी सरळ आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन कुत्र्याला ठोकतात. कोली जातीत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एक जनुकीय दोष असतो त्यामुळे त्या ताकदीचं औषध मेंदूपर्यंत पोचतं, कुत्रं तोल जाऊन पडतं, कोमात जाऊ शकतं. तुमचा शेरा त्यातला आहे की नाही ते बघून कळत नाही, म्हणून प्रयोग नकोच.

त्याऐवजी तोंडाने द्यायच्या गोळ्या आता तालुक्याच्या गावीही मिळतात, अफॉक्सोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर साधारण तीन महिन्यांना एक, गोचिडावरही चालतात. त्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. घरातल्या *सगळ्या* कुत्र्या-मांजरांवर पिसवांचा उपचार एकदम करायचा (मांजरांचं औषध डॉक्टरांना विचारून, कुत्र्याची गोळी नाही), नाहीतर पिसवा एकीकडून दुसरीकडे. आणि धीर धरा, कारण अंगावर दिसतात त्या मूठभर, बाकी अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या सोप्यात, फरशीच्या भेगांत, गोठ्याच्या धुळीत पडलेले असतात. कोष तर महिनोन्महिने गप पडून राहतात आणि कुणी जवळून चाललं की त्या हादऱ्याने फुटतात. म्हणून किमान तीन महिने सलग उपचार, रोज झाडलोट, त्याचं पोतं-गोधडी उन्हात. काळी पडलेली जाड कातडी हळूहळू नॉर्मल होते, केसही येतात.

प्रश्न (ठाणे): सिंबा गोल्डन रिट्रीव्हर, १४ महिने. बारा महिने खाज, कान लाल, शी कधीच घट्ट नाही, दिवसातून चार-पाच वेळा, बूड जमिनीवर घासतो. ड्राय फूड, दही-भात, अंडं, पनीर, पोळीचा तुकडा सगळं खातो. चिकन फ्लेवर सोडून ग्रेन-फ्री फूड आणलं, महागडं, तरी तेच. फूड ॲलर्जी कशी ओळखायची?

उत्तर: इथे मात्र मी खाण्याकडे बोट दाखवेन. वर्षाआधीच सुरुवात, ऋतूशी संबंध नाही, कातडी आणि पोट दोन्ही एकदम, हे जुळतंय. पिसवा आणि जंत आधी बाद करून घ्या, मग पुढे.

परदेशातल्या नोंदींमध्ये कुत्र्यांना सर्वात जास्त त्रास देतं ते बीफ, मग दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू. आपल्याकडे बीफ फारसं कुणाच्या कुत्र्याच्या ताटात नसतं, पण उरलेली तिन्ही सिंबाच्या ताटात रोज आहेत. आणि "इतके दिवस तर हेच खातोय, आत्ताच कसं" असं प्रत्येक जण विचारतो, तर ॲलर्जी होते ती नेहमी खाल्लेल्या प्रोटीनचीच, ज्याची शरीराला ओळख झालीये त्याचीच.

ग्रेन-फ्रीचं म्हणाल तर तो पैशांचा अपव्यय होता, स्पष्टच सांगते. धान्य काढलं आणि चिकन ठेवलं तर काय उपयोग, "लॅम्ब अँड राइस" लिहिलेल्या बॅगच्या मागे बारीक अक्षरात चिकन मील, चिकन फॅट असतं ते वाचा कधी. शिवाय धान्याऐवजी वाटाणे-मसूर भरलेल्या अशा फूडचा कुत्र्यांच्या हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का याची अमेरिकेच्या एफडीएने २०१८ पासून चौकशी केली, कारण सिद्ध झालं नाही, पण ज्या केस नोंदवल्या गेल्या त्यात गोल्डन बरेच होते. मी असते तर गोल्डनला विनाकारण दिलं नसतं.

ओळखायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, एलिमिनेशन डाएट. पूर्ण ८ आठवडे असं एकच प्रोटीन द्यायचं जे त्याने जन्मात खाल्लं नाही, किंवा हायड्रोलाइज्ड फूड, ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखूच येत नाहीत. काही कुत्र्यांत तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो, पण पाच आठवड्यांत बरे न झालेले काही जण आठव्यात बरे होतात, म्हणून मध्ये सोडायचं नाही. घरी करायचं झालं तर बोकडाचं मटण आणि रताळं, किंवा मासे आणि भोपळा, असं काहीतरी. पण आधी कागदावर लिहा त्याने आजवर काय काय चाटलंय, मासे खाणाऱ्या घरात मासा "नवीन" नसतोच, बांगड्याचं डोकं कुणीतरी कधीतरी दिलेलं असतं. सिंबा अजून वाढतोय, मोठ्या जातीचं हाड दीड वर्षापर्यंत भरत असतं, आणि घरच्या मटण-रताळ्यात कॅल्शियम नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मी हायड्रोलाइज्डच सुचवेन. महाग आहे, गोल्डनच्या भुकेला तर फारच, पण दोन महिन्यांचाच प्रश्न आहे.

आणि आता खरी अडचण, जी कुत्र्यात नसून घरात असते. आजोबांच्या हातातलं ग्लुकोज बिस्कीट. कामवाल्या मावशींनी मायेने टाकलेला चपातीचा तुकडा. बाळाच्या खुर्चीखाली सांडलेला वरणभात. मांजरीची वाटी. चिकन फ्लेवरची जंताची गोळी, चिकन फ्लेवरची कॅल्शियमची गोळी, चघळायचं हाड, टूथपेस्ट. यातलं एकही आठव्या आठवड्यात पोटात गेलं तर दोन महिन्यांचा निकाल धूसर होतो. फ्रिजवर कागद लावा, घरातल्या प्रत्येकाला, वॉचमनलासुद्धा सांगा. लॅबवाल्यांचं तर अजून अवघड, २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एक जनुकच तुटलेला असतो, त्याला पोट भरल्याचं नीट कळतच नाही, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याला कडी लावा.

आठ आठवड्यांनी खाज आणि शी दोन्ही सुधारली तर तिथे थांबायचं नाही. मुद्दाम जुनं खाणं परत द्यायचं. हे कुणालाच करवत नाही, बरं झालेलं पोर परत कशाला आजारी पाडायचं म्हणतात, पण त्याशिवाय ते खाण्यामुळेच होतं की ऋतू बदलला म्हणून बरं वाटलं हे कळणार कसं. ॲलर्जी असेल तर बहुतेकांना आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत खाज परत येते. मग पुन्हा बंद, पुन्हा शांत झाला की एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे, आधी नुसतं चिकन, मग नुसतं दही, असं. कदाचित फक्त दही-पनीरच गुन्हेगार निघेल आणि चिकन आयुष्यभर खाता येईल.

प्रश्न (म्हापसा, गोवा): एका लॅबोरेटरीवाल्याने केस आणि लाळेवरून १०० हून जास्त पदार्थांची ॲलर्जी टेस्ट करतो म्हणून सांगितलं. करू काय? एवढा डाएटचा त्रास कोण घेणार.

उत्तर: नको. २०१९ मध्ये एका अभ्यासात संशोधकांनी खोटे केस आणि पाण्याचे सॅम्पल अशा टेस्टला पाठवून बघितले, तर त्यांचेही ॲलर्जीचे रिपोर्ट आले. ॲलर्जी असलेलं पाणी! खाण्याच्या ॲलर्जीची रक्ताची टेस्टही भरवशाची नाही, निरोगी कुत्र्यांनाही पॉझिटिव्ह येते. रक्ताची किंवा कातडीखाली टोचून करायची टेस्ट उपयोगी पडते ती वेगळ्या कारणासाठी, म्हणजे ॲटोपी आहे हे डॉक्टरांनी लक्षणांवरून आधी ठरवलंय आणि आता धुळीचे माइट की कुठले परागकण हे शोधून त्याची लस बनवायचीय, तेव्हा. ते पैसे त्या ८ आठवड्यांच्या डाएटवरच घाला.

प्रश्न (सातारा): टायगर रॉटवायलर, २ वर्षं. परवा शेतात मधमाश्यांच्या मागे लागला आणि अर्ध्या तासात तोंड फुटबॉलसारखं सुजलं, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतरलं. पुढच्या वेळी घरातली सर्दीची गोळी देऊ का?

उत्तर: सर्दीची गोळी अजिबात नाही. आपल्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. तुमच्या डॉक्टरांनाच विचारून नुसत्या ॲलर्जीच्या औषधाची, टायगरच्या आजच्या वजनाप्रमाणे लिहिलेली चिठ्ठी घरात ठेवा, आणि रॉटवायलरचं वजन अंदाजाने सांगू नका, तोलून सांगा.

नुसतं तोंड सुजणं आणि गांधी बहुतेक वेळा निभावतं. पण उलट्या, पातळ किंवा रक्ताची शी, पाय लटपटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, यातलं काहीही दिसलं तर गाडी काढा, गोळी देत बसू नका. लोक श्वास अडकायची वाट बघतात, कुत्र्यांत तीव्र ॲलर्जीचा झटका आधी पोट आणि यकृतावर येतो, उलटी-जुलाब होऊन तो कोसळतो. तिथे ॲड्रेनॅलिन आणि सलाईन लागतं, घरी काही होत नाही. लसीनंतरही असं होऊ शकतं, म्हणून लस सकाळी घ्या, संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी नको, आणि अर्धा तास तिथेच थांबा. टायगरच्या कागदांवर लाल पेनाने हे लिहून ठेवायला सांगा.

आणि शेत आहे म्हणून सांगते, तोंडाची *प्रत्येक* सूज माशीची नसते. एका बाजूला, दर तासाला वाढणारी, हात लावला की कळवळतो अशी सूज, त्यातून किंवा हिरड्यांतून रक्त झिरपतंय, लघवी लाल होतेय, तर घोणस चावली असेल. त्यात गांधी उठत नाहीत. तिथे एक-एक तास मोलाचा.

प्रश्न (सोलापूर): आमच्या ४० किलोच्या लॅबला दर महिन्याला खाजेचं इंजेक्शन देतो, एकदम आराम पडतो. पण आता पाणी फार पितो, घरात लघवी करतो, पोट सुटलंय, केस विरळ झालेत. वयामुळे असेल का, ६ वर्षांचा आहे.

उत्तर: वय नाही, इंजेक्शन. ते लांब टिकणारं स्टिरॉइड असणार. स्टिरॉइड वाईट औषध नाही, भडकलेली खाज चार दिवसांत विझवायला त्याच्यासारखं काही नाही आणि स्वस्त आहे, पण दर महिन्याला डेपो इंजेक्शन म्हणजे औषध शरीरात सतत, आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही. तहान, लघवी, भूक, लोंबतं पोट, पातळ कातडी ही सगळी त्याचीच लक्षणं. लगेच सगळं झटक्यात बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, रक्त तपासून डॉक्टर हळूहळू उतरवतील.

पर्याय आहेत. ऑक्लासिटिनिबची गोळी, २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, एका दिवसात खाज उतरवते, तहान-भुकेचा तसा त्रास नाही, मात्र १२ महिन्यांखालच्या पिल्लाला आणि गंभीर इन्फेक्शन चालू असताना नाही. सायक्लोस्पोरिन, ज्याचा असर यायला महिना-दीड महिना लागतो. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, जे एकदा दिलं की साधारण ४ ते ८ आठवडे चालतं. आणि ॲलर्जीची लस, जी मूळ कारणावर काम करते, सहा महिने ते वर्ष धीर धरावा लागतो, साधारण तीनातल्या दोघांना फायदा होतो. सिट्रिझिनच्या गोळीवर मात्र फार आशा ठेवू नका, माणसांसारखी ती कुत्र्यांत चालत नाही. खर्चाचं खोटं सांगत नाही, यातली बहुतेक औषधं किलोवर मोजतात, त्यामुळे ४० किलोच्या लॅबचं बिल पगच्या चौपट येतं. म्हणूनच शाम्पू, पिसवांची गोळी, कान-पंजांची निगा यावर जोर द्यायचा, तेवढी महागडी गोळी कमी लागते. आणि लॅबचं वजन उतरवा, त्याचा फायदा सांध्यांना, खिशाला, सगळ्यालाच.

प्रश्न (नाशिक): कुत्र्याची ॲलर्जी आम्हाला लागते का? आमच्या रॉकीला खाज सुरू झाल्यापासून माझ्या पोटावर आणि मुलीच्या हातांवर पुरळ आलंय.

उत्तर: ॲलर्जी लागत नाही, पण हे वाचून मला ॲलर्जी वाटतच नाहीये. रॉकीच्या कानाच्या कडा आणि कोपरं खपलीदार झालीयेत का बघा. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा, त्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेचा संशय पक्का. ही खरूज माणसांना तात्पुरती लागते, जिथे त्याला उचलून किंवा कुशीत घेता तिथे पुरळ. त्याला पशुवैद्याकडे न्या, तुम्ही दोघी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि कुत्रं आहे हे त्यांना सांगा. गोल चट्टा, मध्ये साफ आणि कडेला लाल, असेल तर गजकर्ण, तोही लागतो. रॉकीवर उपचार झाले की तुमचं आपसूक कमी होईल.

प्रश्न (अमरावती): डॉबरमन, ७ वर्षं, दोन्ही कुशीवरचे केस गेलेत, शेपटी उंदरासारखी झालीय, दिवसभर झोपतो, खाणं तेवढंच पण जाड झालाय. ॲलर्जीच्या गोळ्या दोन महिने झाल्या. खाज अशी नाही.

उत्तर: खाज नाही तर ॲलर्जीच्या गोळ्या कशासाठी चालू आहेत हे आधी विचारा. थायरॉईड तपासा, टी-४ आणि टीएसएच दोन्ही. मध्यमवयीन डॉबरमन, लॅब, गोल्डनमध्ये हे चांगलंच दिसतं आणि रोजच्या गोळीने छान सुधारतं. स्टिरॉइड चालू असेल तर टी-४ चा आकडा खोटा कमी येतो, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

प्रश्न (विलेपार्ले): ग्रेट डेन, कोपरांवर काळी जाड गाठ, केस नाहीत, फरशीवरच झोपतो. मलम लावलं, ॲलर्जीचं फूड आणलं.

उत्तर: फूड परत करता येत असेल तर करा. ६० किलोचं कुत्रं दिवसभर टाइल्सवर कोपर टेकून बसतं, त्याने कातडी जाड होते, बाकी काही नाही. चार इंच जाडीची, दबणार नाही अशी फोमची गादी आणा, तो जिथे आधीच झोपतो तिथेच टाका, पंख्याखाली, नाहीतर गादी एकीकडे आणि तो फरशीवर. कोरडी असेल तोवर थोडं खोबरेल चोळलं तरी चालेल. गाठ फुटली, पू आला किंवा मऊ पाण्यासारखी लागायला लागली तर मात्र दाखवा, स्वतः दाबून काढू नका.